गारपिटीचा पंचनामा फेब्रुवारीत सुरू व्हावा

मार्च लागला की बेळगावच्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो: तालुक्याला वळिवाने झोडपले. सोबत पत्रे उडालेल्या शाळेचे छायाचित्र, आडव्या झालेल्या केळीच्या बागेची पाहणी करणारे पुढारी आणि तातडीने पंचनामे करून भरपाई द्यावी ही मागणी. मागणीत गैर काही नाही, पण तोपर्यंत नुकसानीचा मोठा भाग ठरून गेलेला असतो. काही भाग ढग येण्याआधीच ठरतो: पत्रा कशाने ठोकला, वाळलेली फांदी तारेवर तशीच राहिली का, विमा उतरवताना गारपिटीचे जोडसंरक्षण घेतले का. उरलेला ढग गेल्यानंतरच्या तीन दिवसांत ठरतो, कारण गारा तासाभरात विरघळतात आणि कागदावर जे उतरले नाही ते सरकारदरबारी घडलेलेच नसते. या दोन्ही वेळी गावात हजर असलेली सरकारी संस्था एकच, ग्रामपंचायत. वळिवाच्या बाबतीत तिच्याकडून ठोस असे कोणी काही मागत नाही. ते काम तिच्याकडे तारखेनिशी आणि पैशानिशी सोपवावे, असा या लेखाचा आग्रह आहे.

जिल्हा एक असला तरी वळीव सगळीकडे सारखा नाही. पश्चिमेला खानापूर, तिथे झाडी, कौलारू घरे, आंबा आणि काजू. पूर्वेला चिकोडी, रायबाग, कागवाड, अथणी हा कृष्णाकाठचा सपाट पट्टा. मार्चपर्यंत बहुतेक ऊस कारखान्याला गेलेला असतो, जोंधळा-हरभरा निघालेला असतो. सगळीकडे उघडे रान, आणि त्यात वाऱ्यासमोर उभे असे काय उरते, तर पत्र्याची शेड, केळी, विजेचे खांब आणि द्राक्षाचे मांडव.

उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भापासून अंतर्गत कर्नाटकातून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा पसरतो. त्याच्या एका अंगाला जमिनीवरची कोरडी हवा, दुसऱ्या अंगाला समुद्रावरून आलेली ओल. दुपारी तापलेल्या जमिनीवरून ही ओली हवा वर चढते आणि तीन-चारच्या सुमारास ढगाचा माथा 12 ते 15 किलोमीटरपर्यंत पोचतो. पाणी गोठण्याची पातळी एप्रिल-मेमध्ये साधारण पाच किलोमीटरवर असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडी खाली. म्हणून मार्चमधली गार जमिनीपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त. मेमध्ये बारीक गार वाटेतच वितळून जाते. मेचा मार वाऱ्याचा असतो. ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असल्याने पडणारा पाऊस वाटेत वाफ होतो, भोवतालची हवा थंड व जड होते, ती खाली आदळते आणि जमिनीवर चौफेर पसरते. पावसाआधी पाच-दहा मिनिटे धुळीची भिंत येते ती हीच. बागाईतदाराने मार्चमध्ये गारेची काळजी करावी आणि शेडवाल्याने एप्रिल-मेमध्ये वाऱ्याची. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राला आणि उत्तर कर्नाटकाच्या काही भागाला झोडपणारी गारपीटही याच हंगामाच्या आरंभी आली होती.

आधी पत्र्याचे पाहू, कारण पैसा सर्वांत कमी आणि निष्काळजीपणा सर्वांत जास्त तिथे आहे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 ने गुणायचे. येणारा आकडा दर चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्याला हा दाब सुमारे 17 किलो वजनाइतका भरतो, ताशी 100 किलोमीटरला 47 किलो. दहा फुटी पत्र्याचे क्षेत्र साधारण सव्वातीन चौरस मीटर. म्हणजे ताशी 100 च्या वाऱ्यात एका पत्र्याला वर खेचणारी ओढ दीडशे किलोच्या घरात जाते, आणि वळचणीच्या व कोपऱ्याच्या पत्र्यांना ती त्याहून बरीच जास्त असते. पत्र्याचे स्वतःचे वजन 15 किलोच्या आसपास. त्यावर पाच-सहा दगड किंवा वाळूची पोती ठेवून पत्रा थांबेल, हा हिशेबच चुकतो. उलट छत हलले की ते दगड आत झोपलेल्या माणसांवर पडतात. दगड ठेवणे हा उपाय नसून धोका आहे, हे प्रत्येक ग्रामसभेत एकदा तरी मोठ्याने सांगायला हवे.

छत फाटते ते बहुतेक कोपऱ्यापासून. इंग्रजी J अक्षराच्या आकाराच्या हुकांचे नट दोन-तीन पावसाळ्यांत सैल होतात, डांबरी वायसर उन्हाने वाळून तुटतो, भोक लांबट होते आणि पत्रा हुकाच्या डोक्यावरून सुटून येतो. लाकडी वाशात मारलेला खिळा तर सरळ ओढीत अलगद निघतो. एक पत्रा गेला की वारा आत शिरतो आणि बाकीच्यांना खालून ढकलतो. दोन-चार मिनिटांत सगळी शेड रिकामी होते. तीन बाजू बंद आणि वाऱ्याकडची चौथी उघडी, असा गोठा सर्वांत वाईट. आतला दाब आणि वरची ओढ एकाच दिशेने काम करतात. एक तर समोरासमोरच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवाव्यात, नाही तर वळिवाच्या बाजूला अर्ध्या उंचीच्या वर जाळी-ताडपत्री नको, भक्कम भिंत हवी.

दुरुस्ती अवघड नाही. लोखंडी आडव्या पट्टीवर, म्हणजे पर्लिनवर, रबरी वायसरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. लाकडी वाशावर वाशाला वळसा घालणारे हूक. स्क्रू नळीच्या उंचवट्यावर मारावा, खाचेत मारला तर गळते. वळचण, आढे आणि दोन्ही कडेच्या ओळींत एक नळी सोडून एक स्क्रू, मधल्या ओळींत पत्र्यामागे चार. मध्यभागी पर्लिनमधले अंतर चार फूट चालते, कडेला तीन फुटांवर आणावे. वळचण भिंतीबाहेर एक फुटापेक्षा जास्त नको. पत्र्यावर पत्रा दोन नळ्यांनी चढवावा आणि जोडाचे तोंड वळिवाच्या दिशेला ठेवू नये. पुन्हा ठोकताना जुनी भोके वापरू नयेत. आणि ज्याकडे गवंडी व मालक दोघेही दुर्लक्ष करतात ते: पर्लिन भिंतीला धरून ठेवणारा बोल्ट किंवा लोखंडी पट्टी किमान दीड फूट काँक्रीटमध्ये रुतलेली असावी. नाही तर पत्रे शाबूत राहतात आणि विटांच्या वरच्या दोन थरांसकट अख्खे छत शेजाऱ्याच्या रानात जाऊन पडते. 20 बाय 30 फुटांच्या एका उताराच्या शेडला अशा पद्धतीने सुमारे 300 स्क्रू लागतात. त्यांचा खर्च नव्या पत्र्यांच्या एका ओळीइतकाही होत नाही.

आता सरकारी मोबदला पाहा. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत, पक्के घर अंशतः पडले आणि नुकसान किमान 15 टक्के असेल तर 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार. छत गेलेले घर बहुधा अंशतः या रकान्यात जाते. उडालेल्या पत्र्यांचे निम्मे पैसेही त्यातून निघत नाहीत. मग फेब्रुवारीत शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर आणि रोजगार हमीतून बांधलेले गोठे यांची पत्रा-तपासणी करायला काय हरकत आहे? एक सुतार किंवा वेल्डर, एक शिडी, एक पाना; एका गावाला दोन दिवसांचे काम. गोठ्याच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता पर्लिन भिंतीला बांधल्याच्या छायाचित्राशी जोडला, तर वेगळ्या योजनेची गरजही नाही.

झाडांचे तसेच. रस्त्याकडेची झाडे तोडायला 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. म्हणून पोखरलेल्या झाडांचा अर्ज डिसेंबरातच गेला पाहिजे. तारेवर आलेल्या फांद्यांची यादी खांब क्रमांकासह वीज कंपनीला लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. लग्नसराईचे मांडव आणि जत्रेतल्या पत्र्याच्या दुकानांना परवानगी देताना दोराऐवजी जमिनीत रुतवलेल्या ताणांची अट घालणे पंचायतीच्या हातात आहे. तार तुटून पडली तर किमान दहा मीटर लांब राहायचे, जनावर अडकले तरी हात लावायचा नाही, आणि 1912 वर कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री करायची. हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असले पाहिजे.

दुसरा भाग नोंदीचा. इथेच सगळ्यात जास्त बोलायला हवे, कारण यावर कोणीच बोलत नाही.

कर्नाटकात राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापके आणि होबळी, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली मंडळाच्या, पातळीवर हवामान केंद्रे बसवली आहेत. हे जाळे खरोखर कौतुकाचे आहे. पण पर्जन्यमापकाला गार दिसत नाही. गार त्यात पडते, वितळते आणि थोडा पाऊस म्हणून नोंदली जाते. त्या दिवशी शिवारात बोराएवढ्या गारा पडल्या की लिंबाएवढ्या, याचा त्या आकड्यात मागमूस नसतो. फरक मात्र प्रचंड असतो. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते आणि पडण्याचा वेगही वाढतो. आघाताची शक्ती साधारण सोळापट. एक सेंटिमीटरची गार ताशी सुमारे 50 किलोमीटरने येते, अडीच सेंटिमीटरची 80 च्या आसपास, शिवाय वारा तिला तिरकी मारतो. पहिलीने पाने फाटतात, दुसरीने काडी सोलून निघते. पंचनाम्यात दोन्हीसाठी एकच वाक्य असते: गारपीट झाली.

यावर स्वस्त साधन आहे. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये शेतांत साध्या पाट्या लावून गारा मोजतात. आपण तिला गारपाटी म्हणू. सुमारे 30 सेंटिमीटर चौरस, अडीच सेंटिमीटर जाड, घट्ट दाण्याच्या थर्मोकोलचा तुकडा, वरून अॅल्युमिनियमची पातळ फॉइल ताणून चिकटवलेली. लोखंडी चौकटीत घट्ट बसवून, झाड आणि भिंत यांपासून दूर, कमरेएवढ्या उंचीवर आडवी ठेवायची. गार पडली की खड्डा उमटतो. खड्ड्याच्या रुंदीवरून गारेचा आकार, संख्येवरून तीव्रता, लांबट खड्ड्यांवरून वाऱ्याची दिशा कळते. आधी मोजमाप बसवून घ्यावे लागते: निरनिराळ्या व्यासाच्या पोलादी गोळ्या ठरलेल्या उंचीवरून तशाच पाटीवर टाकून कोणत्या आघाताला केवढा खड्डा पडतो याचा तक्ता करायचा. ते काम कृषी विज्ञान केंद्र किंवा एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय सहज करील.

पाट्यांत बिघाडही होतात. कावळे टोचतात, ऊन फॉइल सैल करते, दोन वादळांचे खड्डे एकाच पाटीवर मिसळतात. म्हणून प्रत्येक गारपिटीनंतर पाटी काढून तिच्या मागे गाव, सर्व्हे नंबर, तारीख, वेळ आणि दोन सह्या घालून पंचायतीत ठेवायची, नवी लावायची. गार न पडली तरी हंगामाला एकदा बदलायची. गावाला एक पाटी पुरणार नाही. गारांचा पट्टा काही वेळा अर्धा-एक किलोमीटरच रुंद असतो. रस्त्याच्या या बाजूची बाग उद्ध्वस्त आणि पलीकडे पानही फाटलेले नाही, हे सपाटीवर सर्रास होते. पंचायतीच्या चार-पाच शिवारांत एकेक पाटी हवी.

याचा विम्याशी सरळ संबंध आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत, कर्नाटकात तिला रैत सुरक्षा हे नाव जोडले आहे, सर्वसाधारण नुकसान ग्रामपंचायत किंवा होबळी या घटकाच्या सरासरी उत्पन्नावर मोजतात. गारपीट मात्र स्थानिक आपत्तीत मोडते आणि तिचा दावा शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतापुरता असतो. अट एवढीच की 72 तासांत कळवले पाहिजे: 14447 वर, पीक विम्याच्या अॅपवर, बँकेत किंवा कृषी कार्यालयात. त्यानंतर 48 तासांत सर्वेक्षकाची नेमणूक, पुढच्या दहा दिवसांत पाहणी, अहवालानंतर पंधरा दिवसांत रक्कम, असे कागदावरचे वेळापत्रक आहे. शनिवारी संध्याकाळी गारा पडल्या तर मुदत मंगळवारी संध्याकाळी संपते, आणि मधला रविवार पत्रे गोळा करण्यात जातो. पंचायतीने त्या 72 तासांत कार्यालय उघडे ठेवून एक माणूस अर्ज भरायला बसवला, तर निम्मे दावे वाचतील असे खुशाल म्हणावे.

छायाचित्र कसे घ्यायचे तेही सांगितले पाहिजे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून बाहेर पडायचे. गारा वितळतील म्हणून विजेत धावणे परवडत नाही. उंबऱ्याशी पडलेल्या गारा मात्र आतूनच उचलून दहा रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो घेता येतो; नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर, त्यामुळे मापाचा वाद राहत नाही. मग शेताचे चार कोपरे, एक जवळचा फोटो पानाचा, एक खोडाचा, फोनमधले स्थान चालू ठेवून. अर्जात सर्व्हे नंबर, पीक, विमा अर्जाचा क्रमांक आणि घटनेची वेळ. कारण या रकान्यात गारपीट लिहायचे. नुसता पाऊस लिहिले की दावा दुसऱ्याच खान्यात जातो.

पण तीन दिवसांत घटनेची नोंद होते, नुकसान किती ते तेव्हा कळत नाही. मक्याचा कोंब पाच-सहा पानांच्या अवस्थेपर्यंत जमिनीखाली असतो. वरची पाने चिंध्या झाली तरी आठवड्यात नवा पोगा निघतो, आणि घाईने नांगर फिरवणारा स्वतःचे पीक स्वतः मोडतो. कोवळा ऊसही सावरतो. उलट आंब्याच्या फळावरचा बारीक डाग दुसऱ्या दिवशी काहीच वाटत नाही, आठ-दहा दिवसांनी तिथून फळ सडते. भोपळी मिरची, टोमॅटो, पपई यांचे तसेच. म्हणून पाहण्या दोन हव्यात, एक 72 तासांच्या आत घटनेची आणि दुसरी दहा ते पंधरा दिवसांनी नुकसानीची. नियमातल्या दहा दिवसांच्या पाहणीलाच ही दुसरी पाहणी मानता येईल, फक्त ती पहिल्याच दिवशी उरकून टाकायची नाही असे ठरवायला हवे.

द्राक्षाची गोष्ट याहून अवघड. अथणी-कागवाडच्या बागांत फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते, माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत काडीवरच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. मेमधल्या गारेने ती काडी सोलली तर जखमेखाली छाटून पुन्हा फुटवा घ्यावा लागतो, आणि पुढच्या फेब्रुवारीत वेलावर पान दिसते, घड दिसत नाही. मेमध्ये पंचनाम्याला आलेला माणूस लिहितो: बागेत फळ नाही. द्राक्षासाठी असलेला हवामानाधारित विमा मुळात हवामान केंद्रावरच्या आकड्यांवर चालतो. गारपीट त्यात जोडसंरक्षण म्हणून वेगळा हप्ता भरून घ्यावी लागते, ते अर्ज भरताना कोणी विचारतही नाही. जोडसंरक्षण घेतले-न घेतले याची सही वेगळ्या रकान्यात घ्यावी, आणि काडीचे नुकसान मोजायची पद्धत विमाकराराच्या अटींत यावी, या दोन मागण्या बागाईतदारांच्या संघटनांनी मोर्च्याच्या आधी मांडायला हव्यात.

(बागेत लगेच करायचे ते एकच: तुटलेल्या काड्या स्वच्छ कापून, पाने सुकताच अर्धा टक्का बोर्डो मिश्रण. 500 ग्रॅम मोरचूद, 500 ग्रॅम चुना, 100 लिटर पाणी. कोवळ्या फुटीवर एक टक्क्याचे मारले तर गारेने ठेवलेले औषधाने जाळले असे होते.)

बेदाण्याला तर वालीच नाही. रॅकवर पंधरा-वीस दिवस वाळणारा माल हे पीक राहत नाही, तो प्रक्रिया केलेला माल होतो, म्हणून पीक विम्याच्या व्याख्येत बसत नाही. योजनेतले काढणीनंतरचे 14 दिवसांचे संरक्षण कापून शेतात पसरलेल्या पिकाला आहे. निपाणी भागात जमिनीवर वाळणारा तंबाखू, रायबाग-चिकोडीत शिजवून पसरलेली हळद, अथणीचा बेदाणा, हे तिन्ही माल वळिवाच्या तोंडीच वाळत असतात. त्यांना वेगळे, मालाच्या साठ्यावर आधारलेले संरक्षण लागेल. तोपर्यंत पंचायतीने सामाईक ताडपत्र्या आणि सिमेंटचे वाळवण-ओटे एवढे तरी करावे.

गारपीटरोधक जाळीचा विषय निघतो तेव्हा अनुदानाचे आकडे समोर ठेवावेत. फलोत्पादन अभियानाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत जाळीचा खर्च चौरस मीटरला 35 रुपये धरून त्याच्या 50 टक्के, एका लाभार्थ्याला 5,000 चौरस मीटरपर्यंत, असे गणित होते. एकरी ते सुमारे 70 हजार रुपये होते. जाळी त्यात बसेल, पण साठलेल्या गारांचे वजन पेलणारे खांब, ताण आणि पाया बसत नाहीत, आणि जाळी पडते ती याच कमजोर सांगाड्यामुळे. अनुदान सांगाड्याला धरून द्यावे, जाळी शेतकरी आपली घेईल. याउलट आकाशात स्फोट करून गारा फोडणाऱ्या तोफांवर एक पैसाही घालू नये. हिमाचलात सफरचंदासाठी त्या बसवल्या होत्या, पण जागतिक हवामान संघटनेचे मत स्पष्ट आहे: त्यांना शास्त्रीय आधार नाही.

सरकारी मदतीच्या यादीतच एक मोठी फट आहे. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांतल्या 12 आपत्तींत गारपीट आहे, चक्रीवादळ आहे. वळिवाचा सोसाट्याचा वारा नाही आणि वीजही नाही. राज्ये आपत्ती निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत स्थानिक आपत्तींवर खर्च करू शकतात, पण हा पैसा मर्यादित. परिणाम असा की मे महिन्यात गार न पडता नुसत्या वाऱ्याने केळी आडवी झाली तर ती कोणत्या रकान्यात घालायची यावर सगळे अडते. घड लागलेल्या केळीला दोन बांबूंची कैची दिली तर बरीचशी झाडे वाचतात, हे खरे. पण ढग एकच असताना गार पडली तर मदत आणि वारा सुटला तर नाही, हा न्याय कळत नाही. मेंढपाळांचेही तेच. एका झाडाखाली थांबलेल्या कळपावर वीज पडली की जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने डझनभर मेंढ्या एकदम जातात. निकषांत एका मेंढीला 4,000 रुपये, आणि एका कुटुंबाला 30 लहान जनावरांपर्यंतच. तेही पशुवैद्यकाचा दाखला असेल तरच. पुरायच्या आधी त्याला बोलावले पाहिजे.

पिकाला 33 टक्के किंवा अधिक नुकसान झाले तर याच निकषांत केंद्राचा दर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. बहुवार्षिकाचा दर एकरी नऊ हजारांच्या आसपास येतो. द्राक्षाचा एकरी खर्च लाखांत असतो. राज्ये आपल्याकडून भर घालतात, आणि सीमेवर ती ठळक दिसते. कर्नाटकाने डिसेंबर 2021 मध्ये कोरडवाहूला 13,600, बागायतीला 25,000 आणि बहुवार्षिकाला 28,000 केले. महाराष्ट्राने ऑगस्ट 2022 मध्ये 13,600, 27,000 आणि 36,000 केले आणि मर्यादा तीन हेक्टरांवर नेली. मिरज आणि कागवाड यांच्यावरून एकच ढग जातो. शेजाऱ्याला जास्त मिळाले म्हणून हळहळण्यापेक्षा, दर हंगामाआधी जाहीर व्हावा ही मागणी अधिक उपयोगाची. वादळानंतर ठरणाऱ्या दरावर कोणी जाळीचे कर्ज काढत नाही.

इशाऱ्यांबाबत थोडेच. हवामान खाते दर तीन तासांचा ताजा अंदाज देते. दामिनी अॅप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातली वीज दाखवते. विजेचा इशारा देणारे राज्याचे सिडिलू अॅप आहे. मर्यादाही माहीत असाव्यात. पणजीच्या रडारपासून अथणी सरळ रेषेत सुमारे 190 किलोमीटर. अर्ध्या अंशाने वर निघालेला किरण तिथे पोचेपर्यंत जमिनीपासून तीन किलोमीटरहून वर गेलेला असतो. ढगातली गार त्याला दिसू शकते, खाली आदळून पसरणारा वारा दिसत नाही. म्हणून फोनवर काही आले नाही तरी पश्चिमेकडून किंवा कुठूनही धुळीची भिंत दिसली की शेडमधून बाहेर, पक्क्या घरात.

आणि भाषा. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, अशी तरतूद या अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेल्या संरक्षणांत आहे. सीमाभागात या मुद्द्यावर आंदोलने झाली, पुढेही होतील. पण 72 तासांच्या मुदतीचा संदेश आणि दाव्याचा नमुना मराठीतही असावा, यात कन्नडचे काही उणे होत नाही. आपत्तीचे इशारे पाठवणारी सचेत यंत्रणा भारतीय भाषांत संदेश देऊ शकते. उरला प्रश्न तालुका पातळीवरच्या इच्छेचा.

पैशाचा प्रश्न विचारला जाईल. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात पंचायतींच्या अनुदानाचा 40 टक्के भाग बंधनमुक्त होता, पगार सोडून गावाच्या गरजेला वापरता येणारा. गारपाट्या, पाना-शिडी आणि ताडपत्र्या यांना असल्या निधीतला अगदी लहान वाटा पुरतो. माणूस कुठून आणायचा, ही हरकत अधिक खरी आहे. विकास अधिकाऱ्याकडे आधीच दोन-दोन पंचायती असतात, तलाठ्याचे तसेच. पण रोज सकाळी पाणी सोडायला फिरणारा वॉटरमन गावाचा कोपरा न् कोपरा ओळखतो. पाटी बदलण्याचा आणि तिच्या मागे सही करण्याचा ठरावीक मोबदला त्याला द्यावा.

सगळ्या जिल्ह्यात एकदम नको. अथणी, कागवाड आणि रायबागमधल्या दहा-बारा पंचायतींत फेब्रुवारीत पाट्या लावाव्यात. जूनमध्ये त्या पाट्या आणि विमा कंपनीचे पाहणी अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर शेजारी-शेजारी ठेवावेत. मेळ बसला नाही तर पाटीचा तक्ता सुधारावा लागेल. बसला तर पुढच्या वर्षी दाव्याच्या नमुन्यात गारेच्या व्यासाचा एक रकाना वाढवावा.